विश्लेषण : संकेतस्थळाला यंत्राचे प्रमाणपत्र मिळाले, दिव्यांगांना दार उघडले का?

तिलवारा (जबलपूर) : पावसाळ्यात नर्मदेवरील बरगी धरणाच्या २१ दरवाजांपैकी काही उघडण्याचा निर्णय झाला की प्रवाहाच्या खालच्या बाजूस असलेल्या ग्वारीघाट, तिलवारा आणि भेडाघाट या घाटांवर सतर्कतेचा इशारा दिला जातो. पूर्वी असा इशारा दवंडी, भोंगा आणि पोलिसांच्या गाडीवरील ध्वनिक्षेपक यांतून पोहोचत असे. आज तो संकेतस्थळावर आणि मोबाइलवरही येतो. देशभरातील शासकीय कार्यालयांची सर्वसाधारण पद्धत पाहता, अशी सूचना बहुधा टंकलिखित पत्रावर स्वाक्षरी करून, ते पत्र स्कॅन करून प्रसिद्ध केली जाते. डोळस वाचकाला त्यात धरणाचे नाव, वेळ आणि सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण दिसते. स्क्रीन रीडर या वाचक-प्रणालीच्या आधारे संगणक वापरणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तीला मात्र तेथे काहीच सापडत नाही, कारण प्रणालीच्या लेखी ते केवळ एक चित्र असते.

हा दोष संकेतस्थळ तपासणारे यंत्र, म्हणजेच स्वयंचलित चाचणीची आज्ञावली, पकडू शकेल काय? याचे उत्तर सरळ नाही. चित्रासोबत पर्यायी मजकूर जोडलेलाच नसेल, तर यंत्र तत्काळ चूक दाखवते. पर्यायी मजकूर म्हणून नुसता ‘सूचना’ एवढा एक शब्द भरलेला असेल, तर यंत्राच्या दृष्टीने अट पूर्ण होते. आणि पत्र चित्राऐवजी पीडीएफ स्वरूपात जोडले असेल, तर अनेक चाचणी-साधने ती फाइल उघडतही नाहीत. ती फक्त दुव्याला नाव आहे की नाही, एवढेच पाहतात. तिसऱ्या आणि दुसऱ्या प्रकारात पान निर्दोष ठरते, आणि घाटावरील दृष्टिबाधित नागरिकाला पाणी वाढणार असल्याचे कळत नाही.

गेल्या दीड-दोन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे संकेतस्थळांची सुगम्यता हा सौजन्याचा विषय न राहता कायदेशीर बंधनाचा झाला आहे. हजारो शासकीय आणि खासगी संकेतस्थळांची तपासणी आता करावी लागणार आहे, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावरील तपासणीसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्वयंचलित साधने. या साधनांना काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न त्यामुळे तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

शिफारशीपासून बंधनापर्यंत

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५० लाख दृष्टिबाधित, तर सुमारे ५१ लाख श्रवणबाधित होत्या. महाराष्ट्रात ही एकूण संख्या सुमारे २९.६ लाख, तर मध्य प्रदेशात सुमारे १५.५ लाख होती. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे मोजकेच प्रकार नोंदवले गेले होते. १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारांना मान्यता दिली आहे, हे लक्षात घेतले तर प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार.

या अधिनियमाने माहिती व दळणवळण तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असावे, अशी तरतूद केली. सेवा पुरवणाऱ्या संस्थांनी, त्यात खासगी संस्थाही आल्या, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत आपल्या सेवा त्याप्रमाणे आणाव्यात, असेही कलम ४६ मध्ये म्हटले आहे. हे नियम जून २०१७ मध्ये आले. त्यांतील नियम १५ ने संकेतस्थळांसाठी भारत सरकारच्या संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे ‘जीआयजीडब्ल्यू’, हा मापदंड ठरवला. २००९ मध्ये प्रथम आलेल्या या तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ‘डब्ल्यूसीएजी २.१’ या आंतरराष्ट्रीय निकषसंचाच्या ‘एए’ पातळीवर आधारलेली आहे. या पातळीसाठी एकूण ५० निकष पूर्ण करावे लागतात. भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १७८०२’ हे मानकही २०२३ मध्ये नियमांत समाविष्ट झाले.

कागदावर हे सर्व असूनही अंमलबजावणी सैल राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने या सैलपणाचे मूळ दाखवून दिले. मूळ अधिनियम सुगम्यता बंधनकारक करतो, परंतु नियम १५ मधील मार्गदर्शक तत्त्वांचे स्वरूप शिफारशीचे आहे, म्हणून तो नियम अधिनियमाशी विसंगत ठरतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. कोणते निकष कोणत्याही परिस्थितीत बंधनकारक असतील, हे केंद्राने तीन महिन्यांत वेगळे काढावे, असा आदेशही दिला.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. आम्लहल्ल्यातून बचावलेल्या प्रसून यांच्यासाठी, तसेच पूर्णतः दृष्टिबाधित असलेले वकील जैन यांच्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याची ‘केवायसी’ पद्धत हा अडथळा ठरत होता. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. त्यांतील दोन निर्देश येथे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, प्रमाणित सुगम्यता तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी. दुसरा, नवे संकेतस्थळ किंवा ॲप आणताना वापरकर्त्यांच्या चाचणीत दृष्टिबाधित व्यक्तींना सामील करून घ्यावे. ३१ जुलै २०२५ रोजी ‘सेबी’ने परिपत्रक काढून आपल्या नियंत्रणाखालील संस्थांनाही सुगम्यता तपासणी अनिवार्य केली.

न्यायालयाने तज्ज्ञ आणि वापरकर्ते यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. केवळ यंत्राच्या अहवालावर समाधान मानणारी तपासणी या निर्देशांच्या कसोटीला उतरणार नाही.

यंत्र नेमके काय मोजते

स्वयंचलित तपासणीची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ‘कास्ट’ या संस्थेने १९९६ मध्ये ‘बॉबी’ नावाचे साधन आणले, तेव्हा डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्तीही आलेली नव्हती. ती १९९९ मध्ये आली. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या संकेतस्थळांना ‘बॉबी’चा बिल्ला आपल्या पानावर लावता येत असे. बिल्ला मिळाला की काम संपले, ही समजूतही तेव्हापासूनची आहे. आज ‘डेक’ या कंपनीने २०१५ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली केलेली ‘ॲक्स-कोअर’ ही प्रणाली अनेक साधनांच्या मुळाशी आहे. गूगलच्या ‘लाइटहाउस’मधील सुगम्यता-गुणांकही तिच्याच आधारे निघतो.

ही साधने पानाचा संकेत, म्हणजे कोड, वाचतात आणि नियमांशी ताडून पाहतात. काही बाबतींत त्यांची अचूकता माणसाला शक्य नाही एवढी आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा निकष आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर राखाडी रंगाच्या एका छटेचे गुणोत्तर ४.४८ येते आणि ती अनुत्तीर्ण होते. तिच्याहून किंचितच गडद असलेल्या पुढच्या छटेचे ४.५४ येते आणि ती उत्तीर्ण होते. नुसत्या डोळ्यांना या दोहोंत फरक कळणार नाही. अर्जातील रकान्याला नाव जोडलेले आहे का, बटण रिकामे आहे का, पानाची भाषा नोंदवली आहे का, शीर्षक आहे का, हेही यंत्र क्षणात सांगते.

एवढे सोपे दोषही मोठ्या प्रमाणावर आढळतात, यावरून या साधनांची गरज स्पष्ट होते. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाशी संलग्न ‘वेबएम’ ही संस्था दरवर्षी जगातील १० लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राद्वारे तपासते. २०१९ मध्ये ९७.८ टक्के मुखपृष्ठांवर दोष आढळले होते. २०२५ मध्ये हे प्रमाण ९४.८ टक्के होते, म्हणजे सहा वर्षांत जेमतेम तीन टक्क्यांची सुधारणा झाली. दर पानामागे सरासरी ५१ दोष होते. सापडलेल्या दोषांपैकी ९६ टक्के दोष केवळ सहा प्रकारांत मोडतात. अपुरे रंगभेद, चित्रांना पर्यायी मजकूर नसणे, रकान्यांना नाव नसणे, रिकामे दुवे, रिकामी बटणे आणि पानाची भाषा न नोंदवणे असे ते सहा प्रकार आहेत. हे सहाही दोष दूर करण्यास मोठा खर्च लागत नाही.

टक्केवारीतील तफावत

उरलेल्या दोषांचे काय, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटन सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने २०१७ मध्ये एक अनोखा प्रयोग केला. त्यांनी मुद्दाम १४० हून अधिक अडथळे घालून एक पान तयार केले आणि त्यावर उपलब्ध स्वयंचलित साधने चालवून पाहिली. सर्वांत चांगल्या साधनाने सुमारे ४० टक्के अडथळे पकडले. सुमारे २९ टक्के अडथळे तर एकाही साधनाला सापडले नाहीत.

याउलट डेक कंपनीच्या अभ्यासानुसार तपासण्यांत आढळणाऱ्या एकूण दोषांपैकी सुमारे ५७ टक्के दोष यंत्र पकडते. दोन आकड्यांत विरोध दिसतो, पण त्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. ब्रिटनच्या प्रयोगात वेगवेगळ्या प्रकारचे अडथळे मोजले गेले. डेकने प्रत्यक्ष आढळलेल्या दोषांची संख्या मोजली. अपुरा रंगभेद एकाच पानावर तीस ठिकाणी असेल, तर तो तीस वेळा मोजला जातो आणि यंत्राचे यश वाढलेले दिसते. अर्ज भरताना कळफलकाने पुढे सरकताच येत नसेल, तर तो एकच दोष मोजला जातो. वापरकर्त्याच्या दृष्टीने मात्र पहिले तीस दोष त्रासदायक आहेत आणि तो एक दोष दार बंद करणारा आहे. दोषांची संख्या आणि त्यांची तीव्रता यांतील हा भेद कोणत्याही एका गुणांकात उमटत नाही.

ऑस्ट्रियातील संकेतस्थळ-निर्माते मानुएल माटुझोविच यांनी २०१९ मध्ये हाच मुद्दा प्रयोगाने सिद्ध केला. त्यांनी दृष्टिबाधित, कळफलक वापरणारे आणि माउस वापरणारे अशा कोणालाच वापरता येणार नाही असे पान मुद्दाम बनवले. लाइटहाउसच्या सुगम्यता तपासणीत त्या पानाला १०० पैकी १०० गुण मिळाले.

सुगम्यता आणि वापरसुलभता यांतील अंतरही यंत्राला कळत नाही. वापरसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत तीन गोष्टी येतात : काम पूर्ण होते का, त्याला किती श्रम आणि वेळ लागतो, आणि वापरणारा समाधानी आहे का. या तिन्हींची उत्तरे माणूस प्रत्यक्ष काम करू लागल्यावरच मिळतात. पानावरील सत्तर दुव्यांना व्यवस्थित नावे असतील तर यंत्र समाधानी असते. स्क्रीन रीडरवर ते सत्तर दुवे एकामागून एक ऐकत हव्या त्या दुव्यापर्यंत पोहोचणारा माणूस वाटेतच थकलेला असतो.

देवनागरी आणि मराठीचा पेच

मराठी वाचकांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे. जबलपूर–नागपूर महामार्ग तिलवाऱ्याजवळच नर्मदा ओलांडतो. जबलपूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा संबंध दोन राज्यांच्या कारभाराशी येतो. शिधापत्रिका, वीज आणि मतदारयादी यांचे काम मध्य प्रदेशच्या हिंदी संकेतस्थळांवर होते. वडिलोपार्जित जमीन, जुने दाखले किंवा नातेवाइकांची कामे यांसाठी महाराष्ट्राच्या मराठी संकेतस्थळांवर जावे लागते. दोन्हींची लिपी देवनागरी आहे, आणि पेच येथूनच सुरू होतो.

पानाची भाषा संकेतात नोंदवलेली असावी, असा डब्ल्यूसीएजीचा प्राथमिक निकष आहे. स्क्रीन रीडर त्या नोंदीवरून कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा ते ठरवतो. नोंद आहे का आणि ती वैध भाषासंज्ञा आहे का, एवढे यंत्र सर्रास तपासते. ती नोंद खरी आहे का, हे ठरवणे त्याला अवघड जाते. मराठी पान इंग्रजी म्हणून नोंदवलेले असले, तरी नियमापुरती भाषासंज्ञा वैध असते. ते हिंदी म्हणून नोंदवलेले असेल, तर लिपी एकच असल्याने चूक आणखी दडून राहते. मग मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’चे वेगळे उच्चार एकसारखे होतात, ‘ळ’चा उच्चार बिघडतो आणि लांबलचक शासकीय वाक्य समजणे कठीण होते. ‘एनव्हीडीए’ या मोफत स्क्रीन रीडरसोबत येणाऱ्या आवाजांत मराठीचाही आवाज आहे. तो वापरला जावा यासाठी पानाने आपली भाषा खरी सांगायला हवी.

दुसरा पेच जुन्या फाँटचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींतून होत असे, तर हिंदी पट्ट्यात कृतिदेव प्रचलित होता. त्या फाँटमध्ये देवनागरी अक्षराचे रूप रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. पडद्यावर ‘शासन निर्णय’ दिसत असला, तरी आत रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक मालिका असते आणि स्क्रीन रीडर तीच मालिका वाचतो. यंत्राला तेथे मजकूर असल्याचे दिसते, म्हणून ते पान उत्तीर्ण करते. युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरे फुटण्याचा, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाण्याचा दोष राहू शकतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कानांना लगेच जाणवतो.

तिसरी बाब भाषेच्या सोपेपणाची. इंग्रजी मजकूर किती सुबोध आहे हे मोजणारी सूत्रे शब्दांतील अवयव आणि वाक्यांची लांबी मोजतात. प्रत्यय आणि सामासिक शब्द यांनी घडलेल्या मराठीला ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या नागरिकासाठी, किंवा जेमतेम शिक्षण झालेल्या वृद्धासाठी, ‘उपरोक्त संदर्भान्वये’ने सुरू होणारी सूचना हा मोठा अडथळा आहे. यंत्राच्या अहवालात त्याची नोंद होत नाही.

जबलपूरमधील कसोटी

या साऱ्याचा प्रत्यक्ष परिणाम जबलपूरशी निगडित एका प्रकरणातून स्पष्ट होतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूर येथे आहे. राज्याच्या न्यायिक सेवा भरती नियमांतील नियम ‘६ अ’ दृष्टिबाधित उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळत होता. एका दृष्टिबाधित उमेदवाराच्या आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने २०२४ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. ३ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. केवळ दिव्यांगत्वामुळे कोणालाही न्यायिक सेवेतून बाहेर ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

हक्क मिळाल्यानंतर उमेदवारासमोरचे पहिले दार म्हणजे ऑनलाइन अर्ज. अशा अर्जांत सर्वसाधारणपणे कॅप्चा, ठरावीक वेळेत पूर्ण करायचे टप्पे, तारीख निवडण्याची दिनदर्शिका आणि ठरावीक आकाराचे छायाचित्र व स्वाक्षरी जोडण्याचा रकाना असतो. छायाचित्राच्या रकान्याला योग्य नाव दिलेले असेल तर यंत्र तो उत्तीर्ण करते. आपला चेहरा चौकटीत नीट आला आहे का, छायाचित्र फिरलेले तर नाही ना, याची खात्री दृष्टिबाधित उमेदवाराने कशी करावी, हा प्रश्न यंत्राला पडत नाही. वेळ संपत आल्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत येते, पण स्क्रीन रीडरला ती कळवली जाते का, हे अर्ज प्रत्यक्ष भरत तिथपर्यंत गेल्याशिवाय समजत नाही. सार्वजनिक पाने तपासणारी साधने लॉगिनच्या पलीकडे सहसा जात नाहीत. दिव्यांग नागरिकाचे खरे काम मात्र लॉगिननंतरच सुरू होते.

न्यायव्यवस्थेला या अडचणींची जाणीव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२०-२१ पासून उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवरील कॅप्चा दृष्टिबाधितांना सुलभ करण्यावर आणि निकालपत्रांवरील वॉटरमार्क टाळण्यावर भर दिला. वॉटरमार्कमुळे स्क्रीन रीडरचे वाचन मध्येच तुटत असे. ही अडचण प्रत्यक्ष निकालपत्रे वाचणाऱ्या दृष्टिबाधित वकिलांना पावलोपावली जाणवणारी होती. नागपूरचे दृष्टिबाधित वकील राहुल बजाज आणि अमर जैन यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या ‘मिशन ॲक्सेसिबिलिटी’ या उपक्रमाचा अनुभवही हेच सांगतो. सुगम्यतेचे बहुतेक निर्णायक वाद वापरकर्त्यांनी स्वतः अडथळा अनुभवून पुढे आणले आहेत.

साचा सुगम्य, मजकुराचे काय

जबलपूरसह देशातील बहुतेक जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामाईक मंचावर आहेत. या मंचाच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. रंगभेद, शीर्षकांची रचना, कळफलकाने फिरण्याची सोय आणि अक्षरे मोठी करण्याची सुविधा एकदा साच्यात बसवली की शेकडो संकेतस्थळांना ती एकाच वेळी मिळते. मोठ्या देशासाठी ही वाट योग्य आहे.

साच्यात रोज ओतला जाणारा मजकूर मात्र कार्यालयातील कर्मचारी भरतो. स्कॅन केलेले आदेश, चित्ररूप जाहिराती आणि विलीन रकान्यांचे तक्ते हे साच्याच्या हातात नसते. यंत्राने मुखपृष्ठ तपासले तर साच्याला चांगले गुण मिळतात. नागरिकाला हवी असलेली माहिती बहुधा तीन टिचक्या आत, एखाद्या पीडीएफमध्ये असते. त्यामुळे कोणती पाने तपासायची, हे ठरवणे तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या मूल्यमापन पद्धतीत महत्त्वाची पाने आणि पूर्ण प्रक्रिया निवडून घेण्यावर, तसेच त्यांच्या जोडीला काही पाने यादृच्छिक पद्धतीने तपासण्यावर भर आहे, तो याचसाठी.

दुसरा धोका बाजारातून येतो. संकेतस्थळावर एक ओळ जोडा आणि ते आपोआप सुगम्य होईल, असे सांगणारी उत्पादने जगभर विकली जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ‘ॲक्सेसिबी’ या कंपनीला असा दावा दिशाभूल करणारा असल्याच्या आरोपावरून १० लाख डॉलर भरण्यास लावले. भारतात तपासणी अनिवार्य होत असताना अशा झटपट उपायांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. निविदेत केवळ यांत्रिक गुणांक मागितला गेला, तर पुरवठादार गुणांकासाठी काम करील. चित्रांना ‘चित्र’ आणि दुव्यांना ‘दुवा’ अशी नावे देऊन दोषांचा आकडा शून्यावर आणता येतो.

यंत्राची योग्य जागा

तरीही यांत्रिक तपासणी टाळण्याचा सल्ला कोणी जाणकार देणार नाही. प्रमाणित तज्ज्ञांची संख्या मर्यादित आहे, संकेतस्थळे रोज बदलतात आणि वर्षातून एकदा होणारी तपासणी दुसऱ्या आठवड्यातच जुनी होते. प्रत्येक नवे पान प्रसिद्ध होण्यापूर्वी यंत्राखालून गेले, तर रंगभेद, नावे आणि भाषानोंद यांसारखे दोष जागच्या जागी अडतात. तज्ज्ञाचा वेळ मग गुंतागुंतीच्या प्रश्नांसाठी मोकळा राहतो. युरोपीय संघाने सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांसाठी अशीच दुहेरी रचना स्वीकारली आहे. मोठ्या संख्येची सोपी देखरेख यंत्रांच्या मदतीने होते, तर निवडक संकेतस्थळांची सखोल देखरेख सर्व निकषांवर होते. शिवाय प्रत्येक संस्थेला आपल्या संकेतस्थळाचे सुगम्यता-निवेदन प्रसिद्ध करावे लागते आणि त्यात कोणता भाग अद्याप सुगम्य नाही हेही नमूद करावे लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे यंत्राची नजर काही प्रमाणात सुधारेल, हेही खरे. चित्रात काय आहे आणि पर्यायी मजकूर त्याच्याशी जुळतो का, मराठी पान हिंदी म्हणून नोंदवले आहे का, हे ओळखणे आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. परंतु धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा आकडा किंवा अर्जाची अंतिम तारीख अशा प्रणालीने चुकीची वाचली, तर होणारी हानी माहिती न मिळण्यापेक्षा मोठी असू शकते. त्यामुळे अशा मजकुराची अंतिम जबाबदारी तो प्रसिद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याकडेच राहायला हवी.

भारतासमोरचा पुढचा टप्पा नियमांच्या मसुद्याचा आणि त्यांच्या अंमलबजावणीचा आहे. अधिनियमाच्या कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनास १० हजार रुपयांपर्यंत, तर पुढील उल्लंघनांस ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उल्लंघन सिद्ध करण्यासाठी कोणता पुरावा ग्राह्य धरला जाणार, यावर या तरतुदीची धार अवलंबून आहे. यंत्राचा शून्य दोषांचा अहवाल हा बचाव म्हणून मान्य झाला, तर तक्रारदाराच्या हाती फारसे काही उरणार नाही. यांत्रिक अहवाल, तज्ज्ञांची तपासणी आणि दिव्यांग वापरकर्त्यांनी पूर्ण केलेल्या प्रत्यक्ष कामांची नोंद या तिन्हींना नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचा आशय व्यवहारात उतरेल. भारतीय भाषांसाठी युनिकोड, खरी भाषानोंद आणि वाचता येणारे पीडीएफ हे मुद्दे त्या नियमांत स्पष्टपणे लिहावे लागतील, कारण आंतरराष्ट्रीय साधने ते आपोआप पाहणार नाहीत.

दरम्यान, काही सुधारणांसाठी नव्या नियमांची वाट पाहण्याची गरज नाही. स्वाक्षरीच्या पत्राखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये लिहिणे, पानाची भाषा खरी नोंदवणे आणि महत्त्वाची सूचना प्रसिद्ध करण्यापूर्वी मोबाइलमधील स्क्रीन रीडर सुरू करून एकदा ऐकणे एवढे कोणत्याही जिल्हा कार्यालयाला आजच करता येईल. पुढच्या पावसाळ्यात बरगीचे दरवाजे उघडतील तेव्हा तिलवाऱ्याच्या दृष्टिबाधित रहिवाशाला ती सूचना शेजाऱ्याने वाचून दाखवेपर्यंत थांबावे लागले की ती थेट त्याच्या कानी पडली, यावरून त्या संकेतस्थळाची परीक्षा होईल.